शेवटचा ऊस कधी खाल्ला?

माझं काम फक्त लिहायचं होतं. गावात साठीच्या पुढच्या लोकांसाठी तोंड तपासणीचं शिबिर लागलं होतं, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात, डेंटल कॉलेजची गाडी आलेली, चार इंटर्न पोरंपोरी, त्यांच्यावर एक सिनिअर मॅडम, आणि फॉर्म भरायला माणूसच नाही. मी पुण्याहून दोन दिवस सुट्टी काढून आलेले, तर दादानं परस्पर सांगून टाकलं की आमची बहीण आहे की, तिचं अक्षर चांगलंय. झालं. सकाळी नऊला मी पॅड आणि दोन पेनं घेऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, सातारा जिल्हा. ऊसपट्टा. हे मुद्दाम सांगतेय, कारण ऊस पुढं येणारे.

फॉर्मवर दातांचे रकाने, वर सोळा खाली सोळा. इंटर्न आरसा फिरवत आकडे बोलणार, आहे, नाही, नाही, मूळ राहिलंय, हलतोय, आणि मी खुणा करणार. पहिल्या तासाभरात माझ्या कागदावर 'नाही' एवढं झालं की शेवटी मी नुसती आडवी रेघ ओढायला लागले. मॅडम म्हणाल्या, निदान वीस दात जागेवर असले तर माणूस बहुतेक सगळं आपलं आपण चावून खाऊ शकतो, जपानमध्ये १९८९ पासून यावरच मोहीम चालू आहे, ऐंशीव्या वर्षी वीस दात, आणि २०१६ च्या पाहणीत तिकडचे निम्म्याहून जास्त म्हातारे त्यात बसले. आमच्या सभामंडपात त्या दिवशी या हिशोबात बसणारा एकच निघाला, वरच्या आळीचे एक तात्या, वय एक्याऐंशी, दात सव्वीस. बाभळीच्या काडीशिवाय आयुष्यात काही वापरलं नाही असं चारदा सांगून झालं, मग खिशातून शेंगदाणे काढून सगळ्यांदेखत कडाकडा चावून दाखवले. दात मात्र जात्याच्या पाळीसारखे सपाट झालेले. इंटर्न पोरीनं 'झीज' असं लिहायला सांगितलं तर तात्या रुसले.

आता प्रश्नांची गंमत सांगते. फॉर्मवर छापलेला प्रश्न होता, तंबाखू खाता का? इंटर्न पोरगा नागपूरकडचा, गुणी, प्रत्येक म्हातारीला वाकून विचारायचा, आजी तंबाखू खाता का. आजी पदर तोंडाला लावून म्हणायची, न्हाई बा. आणि दात बघावेत तर हिरड्यांपासून काळेभोर. तो बिचारा 'नाही' लिहा म्हणायचा. चौथ्या-पाचव्या आजीला मलाच राहवलं नाही, म्हटलं अरे त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नाहीच. तंबाखू पुरुष खातात, चुना लावून, हातावर मळून. मिश्री हे दात घासायचं काम. मग त्यानं प्रश्न बदलला, मावशी दिवसातनं किती वेळा लावता? लगेच उत्तर आलं, सकाळच्याला, जेवल्यावर, आन् निजताना. बस्स, येवढीच. तिथून पुढं एकीनंही 'नाही' म्हटलं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, मिश्री म्हणजे तंबाखूच, तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा आणि हातानं चुरून डबीत भरायचा. आमच्या घरी दुपारी दोन-अडीचला, पुरुष माणसं रानात गेली की परसातल्या चुलीवर तो तवा चढायचा. वास असा की आख्खं घर खोकायचं, डोळ्यांतनं पाणी. लहानपणी मला तो वास म्हणजे दुपारचा वास वाटायचा. आणि सुरुवात कशी होते माहितीये का, बहुतेकींची दातदुखीनं. माझ्या आत्याची तशीच. लग्न होऊन सासरी गेली, पहिल्या बाळंतपणाच्या आसपास दाढ ठणकायला लागली, तालुक्याला डॉक्टरकडं कोण नेणार, सासू म्हणाली जरा लाव, बधिर हुतंय. बधिर झालं. साठ वर्षं झाली.

दुसरा छापील प्रश्न याच्याहून फसवा होता. चावायला त्रास होतो का? पहिल्या वीसेक जणांनी सरळ 'नाही' सांगितलं. ज्यांच्या तोंडात चारच दात त्यांनीही. तोंडाचं पार बोळकं झालेल्या एका आजोबांनी तर 'काय बी न्हाई, झकास चालतंय' म्हणून हात वर केला. मी लिहीत होते. मॅडम मागं उभ्या राहून ऐकत होत्या, त्या पुढं आल्या आणि आजोबांच्या शेजारी बसून म्हणाल्या, बाबा, शेवटचा ऊस कधी खाल्ला?

आजोबा हसले. "ऊस? आता कुटला ऊस वं बाई."

"कधी सोडला?"

"झाली की धा वरसं. पुढचा पडला तवाच सुटला."

"आणि भाजकं कणीस?"

"त्येच्या मागनं."

मग फुटाणे, मग पेरू, मग मटणाचा तुकडा ('रस्सा खातो की'), मग भाकरीचा कडा. ओळीनं निघत गेलं. म्हणजे त्रास होत नव्हता हे खरंच होतं, कारण त्रास देणारं एक-एक ताटातनं काढून टाकलेलं. शेवटी उरला काला, दुधात नाहीतर आमटीत कुस्करलेली भाकरी. काला खायला दात कशाला लागतात. मॅडमनी मला सांगितलं, त्या प्रश्नापुढं काय-काय सुटलं ते लिहा, आणि कधी ते पण. त्या दिवशी फॉर्मच्या समासात मी जे खरडलं ना, ऊस दहा वर्षं, कणीस आठ, पेरू पाच, कडा दोन, ते आख्ख्या फॉर्मपेक्षा जास्त सांगणारं होतं असं माझं मत आहे.

आणि हे लिहिता-लिहिता माझा हात थांबला. कडा दोन.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, गेली दीड-दोन वर्षं ताटात भाकरीचा कडा ठेवून उठतात. मधला पापुद्रा खातात आणि कडा गोल तसाच, बांगडीसारखा. वहिनी तो कुत्र्याला टाकते. मी दर वेळी आले की बघते आणि मनात म्हणते, म्हातारपणी नखरे वाढले. याच दीड वर्षात नानांचं वजन ६१ वरनं ५४ वर आलं होतं आणि त्यापायी आम्ही त्यांना किती फिरवलं म्हणून सांगू. शुगर, थायरॉईड, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्यांची एक फाईल झालीय जाडजूड. चार डॉक्टर झाले. एकानं प्रोटीनची पावडर दिली, एकानं भूक लागायचं औषध, एकानं जीभ बाहेर काढायला सांगितली तेवढंच. आ करा असं एकानंही म्हटलं नाही. डॉक्टरांना कशाला नावं ठेवू, मी पोटची पोर, मी तरी कुठं म्हटलं होतं?

दुपारी जेवायच्या आधी नानांना घेऊन आले. ते यायला तयार नव्हते. "मला दातच न्हाईत, दातांच्या डॉक्टरचं माझ्याकडं काय काम?" हे वाक्य त्या दिवशी मी सात-आठ जणांकडून ऐकलं, आणि शिबिराला न आलेल्या कितीतरी जणांच्या मनात तेच असणार. दात संपले की तोंड तपासायचं संपलं, असा सगळ्यांचाच हिशोब. आमचाही तोच होता.

नानांची कवळी अकरा वर्षांपूर्वीची. वरची कायम तोंडात, रात्री झोपतानासुद्धा. खालची बंडीच्या खिशात, रुमालात गुंडाळलेली. लग्नाला गेलं की देवळाबाहेर चप्पल काढतात तशी मांडवाबाहेर घालायची, फोटो झाला की परत खिशात. मॅडमनी वरची काढायला सांगितली. मी आयुष्यात पहिल्यांदा नानांना कवळीशिवाय पाहिलं, बाप एकदम कुणीतरी दुसराच दिसायला लागला, गाल आत, नाक हनुवटीकडं झुकलेलं, आणि त्यांनी पटकन हात वर नेला तोंड झाकायला. मी फॉर्मकडं बघत राहिले.

टॉर्च मारला तर टाळू लालबुंद. नुसती लाल नाही, कवळीची जेवढी पाटी तेवढीच लाल, कडा एकदम रेखीव, नकाशात जिल्हा रंगवावा तशी. बुरशी. रात्रंदिवस कवळी चिकटलेली, खालच्या कातड्याला ना हवा ना लाळ. कवळी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची असते हे आम्हाला अकरा वर्षांत माहीतच नव्हतं, तेव्हा कुणी सांगितलं असेल तर आम्ही ऐकलं नसेल. खालच्या बाजूला हिरडीवर एक जखम, भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी, जिथं कवळीची कड टोचते बरोब्बर तिथं. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, खालचं तर वरच्यापेक्षा बरंच जास्त, त्यामुळं अकरा वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आताच्या नानांची नव्हतीच. आणि आरसा गालाला चिकटत होता. मॅडमनी दोनदा लावून दाखवला, ओल्या तोंडात आरसा सुळकन् सरकतो, इथं पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटतोय. लाळ कमी. बीपीच्या गोळ्या कुठल्या, लघवीची गोळी चालू आहे का, झोपेची घेता का, सगळं विचारून लिहून घेतलं, गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणे, आणि कोरड्या तोंडात कवळी टिकत नाही, घास सरकत नाही, चवही धड लागत नाही. "गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं," हे नानांना नाही, मला सांगितलं, दोनदा. चेहऱ्यावरनं ओळखलं असावं.

"आता दुखतंय का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई," नाना म्हणाले. मग थोडं थांबून, "जेवताना फकस्त."

जेवायला बसलो तेव्हा मॅडमशी जरा निवांत बोलणं झालं. त्यांच्याकडं एक लॅमिनेट केलेला कागद होता, ऑस्ट्रेलियात वृद्धाश्रमांसाठी तयार झालेली तपासणी, तिला ओहॅट म्हणतात. आठ गोष्टी बघायच्या, ओठ, जीभ, हिरड्या आणि आतलं कातडं, लाळ, स्वतःचे दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं, प्रत्येकाला शून्य, एक नाहीतर दोन. बेरीज सोळाच्या वर जात नाही. दातांचा डॉक्टर लागत नाही, नर्स करते, मावशी करते, घरचं कुणीही शिकून करू शकतं. मी तिथंच नानांची बेरीज केली. ती सांगत नाही.

मग गावच्या आशा कार्यकर्तीचा, आशाताईंचा विषय निघाला, त्या पलीकडंच वाढत होत्या. त्या भरतात त्या सरकारी सीबॅक फॉर्ममध्ये तोंडाचे प्रश्न आहेतच, तोंड पूर्ण उघडतं का, दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम किंवा चट्टा आहे का, आवाज बदललाय का. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला बीपी-शुगरसोबत तोंडाच्या कॅन्सरसाठी पाच वर्षांतनं एकदा तपासायचं असं धोरण २०१६ पासून आहे. मी म्हटलं मग होतं का? आशाताई हसल्या. म्हणाल्या, ताई, बीपीला हात पुढं करत्यात सगळी. तोंडाचं इचारलं की 'न्हाई' म्हणत्यात आन् मी 'न्हाई' लिवती. मी सून हाय ह्या गावची, सासऱ्याच्या वयाच्या माणसाला आ करा कसं म्हणू? यावर काय बोलणार. नंतर घरी येऊन मी मोबाईलवर शोधलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी तोंडाच्या कॅन्सरसाठी तपासणी झाल्याचं सांगणाऱ्या बायका देशात ०.९ टक्के, पुरुष १.२ टक्के. आणि तेही ३० ते ४९ वयाचे. माझे नाना, माझी आत्या त्या आकड्यात मोजायलाच घेतलेले नाहीत.

बघण्यानं फरक पडतो का, तर पडतो, मॅडम म्हणाल्या, आणि हे आपल्याच देशात सिद्ध झालंय. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये तेरा पंचायती घेतल्या, सातांमध्ये घरोघरी जाऊन तोंड तपासायचं, सहांमध्ये नाही, एकूण जवळपास १ लाख ९२ हजार माणसं, सगळी पस्तीसच्या पुढची. तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी पदवीधर मंडळी, हत्यार काय तर टॉर्च. तीन फेऱ्या झाल्या. तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी निघाले, २००५ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. मी वरण-भात कालवता-कालवता हे ऐकत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, आत्याला कसं आणायचं.

आत्या नानांपेक्षा तीन वर्षांनी मोठी, तिचे यजमान गेल्यापासून आमच्याकडंच. घरात तिची मिश्रीची डबी कुठं असते हे सगळ्यांना माहीत आणि कुणालाच माहीत नाही. ती आली नाहीच. शेवटी मॅडमच संध्याकाळी गाडी निघायच्या आधी आमच्या घरी चहाला आल्या आणि चहा पिता-पिता म्हणाल्या, आत्या, तुमची मिश्री घरचीच भाजलेली का हो? आत्या खुलली. कुठला तंबाखू चांगला, किती भाजायचा, सगळं सांगितलं. मग बोट कुठं फिरवता ते दाखवायला तिनं आपणहून तोंड उघडलं.

डावीकडं खाली, गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथं ती मिश्री दाबून ठेवते, पांढरट सुरकुतलेला चट्टा. दुधावर साय धरते ना, ती चमच्यानं एका बाजूला सरकवली की कशी चुण्या पडून गोळा होते, अगदी तसा. कापसानं पुसून निघत नव्हता. दुखत नव्हता. मॅडमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, हे मला फार आवडलं. एवढंच म्हणाल्या, दोन आठवडे मिश्री बंद करा, पंधरवड्यानं कॉलेजला या, परत बघू, नाही गेला तर छोटासा तुकडा काढून तपासायला लागेल.

पंधरवडा गेला, महिना गेला. "माज्या तोंडात काय बी न्हाई. त्या बाईला काय ईमान न्हाई का, चा पिऊन गेली आन् रोग ठिवून गेली." मी फोनवर समजावलं, ओरडले, रडले पण एकदा. दादा ओरडला. वहिनी बिचारी मधल्या मधे. शेवटी कामाला आलं ते भलतंच. नानांची नवी कवळी करायची ठरली होती, त्याला एका फेरीत भागत नाही, मग आधी माप, मग मेणावर चावून बघायचं, मग दात लावून बघायचं, मग पक्की, मग टोचतंय तिथं घासून घ्यायचं. दर वेळी एसटीनं सातारा. नाना म्हणाले, "आक्के, मला एकट्याला एसटी चढाय हुत न्हाई, चल सोबतीला." नाना एकट्यानं पंढरपूरला जाऊन येतात. आत्यालाही ते माहीत होतंच की. पण सोबतीला जाणं वेगळं आणि तपासायला जाणं वेगळं, ती गेली. तिसऱ्या फेरीला तिनं खुर्चीत बसून आ केलं.

तुकडा काढला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले, ते मी इथं लिहीत बसत नाही. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये थोडा बदल सुरू झालेला आहे, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, आणि मिश्री पूर्ण बंद. बंद केली असं ती म्हणते. वहिनी म्हणते तवा परसातनं गेलाय हे खरं. मागच्या वेळी मी दुपारी घरी होते, वास आला नाही, पण मी दोनच दिवस होते.

नानांचं वजन तीन किलोनं वाढलं. कवळीमुळंच वाढलं असं मी म्हणणार नाही, मधे बीपीची गोळीही बदलली आणि उन्हाळाही संपला. पण कडा खातात आता. ऊस नाही. ऊस काही परत येत नाही, ते मॅडमनी आधीच सांगून टाकलं होतं.

आता आमच्या घरी एक नवीनच चालू झालंय. तीन महिन्यांची तारीख कुणाच्या लक्षात राहणार, म्हणून नानांनी ते आपल्या हिशोबाला बांधून घेतलं, दर एकादशीला बघायचं. दोघांचा उपास असतो, वेळही असतो. ओसरीवर उजेडाला बसतात, नाना दादाचा मोबाईल घेऊन टॉर्च लावतात, तो त्यांना नीट लावता येत नाही म्हणून आधी दोन-तीन फोटो निघतात चुकून, कुणाचा कान, कुणाचा पदर, ते दादा मला व्हॉट्सॲपवर पाठवतो. ह्या वेळी मी समोर होते.

"आ कर," नाना म्हणाले.

"तुजी कवळी काड आदी. रातभर घालून निजला हुतास, मला वाटतंय मी बगितलं न्हाई व्हय?"